आकड्यांची खिडकी, ओळींची खिडकी: ग्राफानाच्या ‘एक्सप्लोर’ची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१९मध्ये ग्राफाना या, सर्व्हरची आकडेवारी आलेखांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची ६.० आवृत्ती आली आणि डावीकडच्या पट्टीत होकायंत्राचं एक छोटं चिन्ह दिसायला लागलं. त्यावर क्लिक केलं की ना डॅशबोर्ड (आलेखांचा फलक), ना त्यावरची रंगीत पॅनेलं. वर क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचा प्रश्न, लिहायला एक चौकट आणि खाली तिचं उत्तर, एवढंच. नाव ‘एक्सप्लोर’. पॅनेलं मांडण्यात आठवडे घालवलेल्यांना हे पान उघडंबोडकं वाटलं असेल. पण तेच पान मधोमध दुभागून एका बाजूला मेट्रिक्सचा (मोजलेल्या आकड्यांचा) आलेख आणि दुसऱ्या बाजूला त्याच मिनिटांचे लॉग (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींच्या ओळी) उघडता येत होते. रात्री-अपरात्री बिघाडाच्या अलर्टने उठवलं गेलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. प्रश्न असा पडतो की इतकी साधी गोष्ट व्हायला एवढा उशीर का लागला?

गंमत म्हणजे ‘लॉग’ हा शब्द मुळात मोजमापाचाच आहे. शिडाच्या जहाजांवर वेग काढायला दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये सांगतात तो या गाठींमुळे. लाकडाच्या ओंडक्यावरून त्या साधनाला ‘लॉग’ म्हणत, आणि आकडा ज्या वहीत उतरवायचा ती लॉगबुक. त्याच वहीत वारा, वादळ, आजारी खलाशी हेही लिहिलं जाई. आकडा आणि हकिकत एकाच पानावर. डॅशबोर्डचं मूळ तर आणखी साधं: घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढे ठोकलेली फळी. मोटारी आल्यावर त्याच जागी काटे आणि तबकड्या बसल्या.

संगणकांच्या जगात मात्र आकडा आणि हकिकत लवकरच वेगळ्या चुली मांडून बसल्या.

हकिकतीचं घराणं सिसलॉगचं, म्हणजे प्रोग्रामांच्या नोंदी एका जागी गोळा करणाऱ्या सोयीचं. १९८०च्या दशकात बर्कलीमध्ये एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी ते लिहिलं. एका प्रोग्रामची गरज म्हणून केलेली सोय, पण बाकीच्यांनाही ती हवीच होती, म्हणून सगळ्या युनिक्समध्ये पसरली. संदेशाचं गांभीर्य शून्य ते सात अशा पायऱ्यांत सांगायचं. शून्य म्हणजे सगळं कोसळलं, सात म्हणजे निव्वळ डीबगची बडबड. ही उतरंड आजही बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. लेखी दस्तऐवज आला तो थेट २००१मध्ये, आणि त्यातही प्रत्यक्षात काय चालतं याचं वर्णनच जास्त होतं. त्या जुन्या सिसलॉगच्या ओळीत महिना, तारीख, वेळ असे. वर्ष नसे आणि टाइमझोनही नसे. दर बारा कोसांवर भाषा बदलावी तसा दर प्रोग्रामगणिक ओळीचा साचा बदलायचा. शोधायचं साधन एकच, ग्रेप: ओळींमध्ये शब्द शोधणारी छोटी आज्ञा. एक-दोन सर्व्हर असतील तोवर ते पुरतंही.

आकड्यांचं घराणं नेटवर्कवाल्यांचं. १९९४मध्ये टोबियास ओटिकर हे स्विस गृहस्थ इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठात होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, ६४ किलोबिटची, आणि ती किती भरली आहे हे प्रत्येकाला हवं असायचं. त्यांनी पर्ल भाषेत एक स्क्रिप्ट खरडली: दर पाच मिनिटांनी राउटरला एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या यंत्रांची हालहवाल विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने) विचारायचं, किती बाइट आले, किती गेले, आणि वेबपानावर आलेख काढायचा. १९९५मध्ये ती एमआरटीजी नावाने सगळ्यांना मिळाली. हिरवा भरीव डोंगर म्हणजे येणारी वाहतूक, निळी रेघ म्हणजे जाणारी. आपल्याकडे लीज्ड लाइन घेतलेल्या कितीतरी ऑफिसांतल्या सिस्टिम ॲडमिननी आयुष्यातला पहिला मॉनिटरिंग आलेख पाहिला तो हाच. इंटरनेट पुरवठादार त्याची लिंक देत, आणि ‘लाइन स्लो आहे’ या भांडणात दोन्ही बाजू तोच हिरवा डोंगर पुरावा म्हणून पुढे करत.

एमआरटीजीने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली: राउटर वेग सांगत नाही, तो फक्त वाढत जाणारी बेरीज सांगतो. वेग काढायचा म्हणजे दोन वाचनांची वजाबाकी करून मधल्या सेकंदांनी भागायचं, घरातल्या वीजमीटरसारखं. त्यात बेरीज ३२ बिटांची असेल तर १०० मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर ती सहा मिनिटांच्या आत पुन्हा शून्यावर येते. पाच मिनिटांचं वाचन जेमतेम पुरतं. दुसरी गोष्ट जास्त खोल. आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची सरासरी, महिन्याच्या आलेखात दोन तासांची, वर्षाच्या आलेखात पूर्ण दिवसाची. जागा वाचते, फाइल कधी फुगत नाही. पण मार्चमधल्या एका दुपारी पाच मिनिटं लाइन ठप्प झाली होती, हे डिसेंबरात कुणालाच दिसत नाही. ओटिकर यांनीच १९९९मध्ये आणलेल्या आरआरडीटूलने ही पद्धत पक्की केली, आणि पुढची दहा-एक वर्षं निम्म्या जगाचे आलेख त्यातून निघाले. ही तडजोड तेव्हा योग्यच होती असं मला वाटतं. डिस्क महाग होत्या. पण ‘नेमकं काय झालं’ याचं उत्तर आलेखात नसतं, ही सवय तिथूनच लागली.

मग आकड्यांचं पीक आलं. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या ऑर्बिट्झ कंपनीत ख्रिस डेव्हिस यांनी २००६मध्ये ग्राफाइट हे आकडे साठवून आलेख काढणारं साधन बांधलं. २००८मध्ये ते खुलं झालं. २०११मध्ये एट्सी या ऑनलाइन बाजाराने स्टॅट्सडी आणलं आणि कोडमध्ये एक ओळ टाकून काहीही मोजणं शक्य झालं. आता मोजायला राउटरच लागत नव्हता. किती जणांनी लॉगिन केलं, किती जणांचं पेमेंट फसलं, सगळं मोजा. अडचण नावांची होती. ग्राफाइटमधलं नाव म्हणजे टिंबांनी जोडलेला पत्ता: आधी डेटासेंटर, मग सर्व्हर, मग सीपीयू, असं. तो क्रम पहिल्या दिवशीच ठरवायचा. नंतर कुणी विचारलं की सगळ्या सर्व्हरवरची फक्त नव्या आवृत्तीची आकडेवारी दाखव, तर पत्त्यात आवृत्तीला जागाच नसायची.

हकिकतीच्या बाजूला २००३मध्ये लॉग शोधून देणारी स्प्लंक कंपनी निघाली. नाव गुहा धुंडाळण्याच्या इंग्रजी शब्दावरून घेतलेलं, आणि लॉगची अवस्था पाहता समर्पकच. पण परवाना दिवसाला किती डेटा आत येतो त्यावर, म्हणजे जितकं जास्त लिहाल तितकं बिल मोठं. मोफत पर्याय तीन वेगळ्या लोकांच्या कामातून जुळला: ओळी गोळा करायला जॉर्डन सिसेल यांचं लॉगस्टॅश, त्या साठवून शोधायला शाय बॅनन यांनी २०१०मध्ये आणलेलं इलास्टिकसर्च, आणि पडद्यावर दाखवायला राशिद खान यांचं किबाना. शब्द टाका, वर काळानुसार किती ओळी सापडल्या त्याचे उभे स्तंभ, खाली खुद्द ओळी. एखाद्या स्तंभावर माउस ओढला की तेवढीच मिनिटं उघडायची. लॉगमधून भटकणं म्हणजे काय ते अनेकांना किबानाने पहिल्यांदा दाखवलं.

आणि इथे या गोष्टीतलं मला सर्वात आवडणारं वळण येतं. स्वीडनमधले टॉर्केल ओडेगार्ड ग्राफाइटवर खूश होते, पण त्याच्या वेबपानावर नाही. आलेख जुळवणं किचकट, त्यामुळे टीममधले बाकीचे लोक त्याच्या वाटेला जात नसत. त्यांना किबाना ३चं डॅशबोर्ड आवडलं होतं. डिसेंबर २०१३मध्ये त्यांनी त्या कोडची प्रत घेतली, ग्राफाइटचे आलेख काढायला ते जुंपलं आणि क्वेरी माउसने जुळवता येईल असा संपादक बनवला. जानेवारी २०१४मध्ये ग्राफाना लोकांसमोर आलं. म्हणजे आकड्यांचं हे साधन जन्मलं लॉगच्या घरात, आणि घर सोडताना लॉग तिथेच ठेवून निघालं. नावाच्या शेवटी मात्र माहेर ऐकू येतं.

दरम्यान बर्लिनमध्ये साउंडक्लाउड या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीत गुगल सोडून आलेले मॅट प्राउड आणि ज्युलियस फोल्त्स २०१२पासून प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं साधन लिहीत होते. गुगलच्या आत बोर्गमॉन नावाची मॉनिटरिंग यंत्रणा होती; तिच्याविना त्यांना चुकल्यासारखं होत होतं. २०१५च्या सुरुवातीला प्रोमिथियसची जाहीर घोषणा झाली, २०१६मध्ये ते कुबरनेटीसपाठोपाठ (अनेक सर्व्हरांवर प्रोग्राम चालवणारी प्रणाली) क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या खुल्या प्रकल्पांच्या संस्थेत गेलं. टिंबांचा पत्ता जाऊन तिथे लेबलं आली: मेट्रिकचं नाव एक, आणि त्याला चिकटलेल्या चिठ्ठ्या. सर्व्हर अमुक, आवृत्ती तमुक, स्टेटस ५०० (सर्व्हरची चूक). क्रम नाही, कुठल्याही चिठ्ठीवरून गाळा, कुठल्याही चिठ्ठीवरून बेरीज करा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला निर्णायक टप्पा आलेख सुंदर झाले तो नाही, लेबलं आली तो आहे. ‘एक्सप्लोर’ उभं आहे ते त्यांच्यावर.

लेबलांना काटेही आहेत. ५० सर्व्हर, २० वेबपत्ते, ५ स्टेटस कोड, म्हणजे आकड्यांच्या ५,००० वेगळ्या मालिका. प्रोमिथियस त्या हसत पेलतो. उत्साहाच्या भरात कुणी त्यात ग्राहक क्रमांकाचं लेबल घातलं आणि ग्राहक एक लाख असले, तर हिशोब ५० कोटींवर जाऊ शकतो आणि मेमरी संपून प्रोमिथियसच आडवा होतो. म्हणजे ‘कोणत्या ग्राहकाला त्रास झाला’ हे मेट्रिकला विचारायचंच नाही. ते लॉगला विचारायचं. आणि लॉग दुसऱ्या खिडकीत.

त्या दोन खिडक्यांचा अनुभव माझाही आहे. एका कंपनीत ऑन-कॉल (बिघाड झाला तर धावायच्या पाळीवर) असताना आलेखात रात्री २:४०ला स्पाइक, म्हणजे अचानक उसळी, दिसला. ग्राफाना ब्राउझरची वेळ दाखवतं, म्हणजे आपली. सर्व्हरवरचे लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. साडेपाच तास वजा केले, २१:१० आले, तिथवर ठीक. पण तारीखही आदल्या दिवसाची होते हे झोपेत लक्षात आलं नाही, आणि त्या दिवसाच्या फाइलमध्ये अजून न आलेले २१:१० मी बराच वेळ शोधत बसलो. पूर्ण तासांच्या फरकात राहणाऱ्यांना आपल्या त्या अर्ध्या तासाची मजा कळायची नाही.

ही दरी बुजवायचं काम कौजल नावाच्या छोट्या कंपनीतून आलेल्या दोघांनी केलं: टॉम विल्की आणि डेव्हिड काल्टश्मिट. २०१८मध्ये ग्राफाना लॅब्जने कौजल विकत घेतली. काल्टश्मिट यांनी ‘एक्सप्लोर’ हाती घेतलं. डॅशबोर्डवरचं पॅनेल हे आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं; बिघाडाच्या वेळी प्रश्नच ठाऊक नसतो, तेव्हा पॅनेल मोडतोड न करता क्वेरी उचलून मोकळ्या मैदानात न्यायची सोय हवी होती. मैदान तयार झालं, पण लॉग कुठून आणायचे?

डिसेंबर २०१८मध्ये सिॲटलच्या कुबकॉन या कुबरनेटीसच्या परिषदेत लोकी जाहीर झालं, ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून. प्रोमिथियससारखंच, पण लॉगसाठी, अशी त्याची ओळख करून दिली गेली. इलास्टिकसर्च लॉगमधल्या शब्दाशब्दाची सूची बनवतं. शोध झटपट, पण सूची सांभाळायला मेमरी आणि डिस्क भरपूर लागते. लोकी फक्त लेबलांची सूची ठेवतं. ओळी दाबून, गठ्ठे बांधून स्वस्त ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये टाकायच्या. क्वेरी आली की लेबलांवरून हवे ते गठ्ठे उपसायचे आणि एकाच वेळी अनेक यंत्रांवर त्यांत शोध घ्यायचा. फिरून ग्रेपच, फक्त हात शंभर. लेबलं प्रोमिथियसचीच असल्यामुळे आलेखाच्या क्वेरीतल्या चिठ्ठ्या तशाच उचलून लॉगच्या क्वेरीत बसतात. वेळही तीच, टाइमझोनही तोच. मला माझा २१:१० तेव्हा आठवला.

लोकीवर टीकाही झाली आणि ती खोटी नाही. लेबलांनी आधी बारीक गाळलं नाही आणि महिनाभराच्या सगळ्या लॉगमध्ये एखादा ऑर्डर क्रमांक शोधायला निघालात, तर चहा करून यायला वेळ मिळतो. तिथे सूची बनवणारेच जिंकतात. बहुतेक बिघाडांत मात्र कुठल्या सेवेने, कुठल्या मिनिटाला मान टाकली हे आलेखाने आधीच सांगितलेलं असतं.

पुढची वाट तुलनेने सरळ आहे. २०२०मध्ये ट्रेससाठी (एका विनंतीचा वेगवेगळ्या सेवांतून झालेला प्रवास) टेम्पो आलं, २०२२मध्ये मेट्रिक्सच्या मोठ्या साठ्यासाठी मिमिर. २०२१मध्ये ग्राफाना, लोकी आणि टेम्पोचा परवाना अपाचेवरून एजीपीएल या जास्त कडक खुल्या परवान्यावर गेला, त्यावर वाद झाले. २०२४मध्ये क्वेरी न लिहिता नुसत्या क्लिकवर मेट्रिक्स आणि लॉग चाळता येतील अशी पानं आली, आणि २०२५मध्ये त्यांना ‘ड्रिलडाउन’ हे नाव मिळालं. प्रॉमक्यूएल (प्रोमिथियसची क्वेरीची भाषा) पाठ नसलेल्या नव्या मुलांना त्यांचा खरा उपयोग होतो. जुनी खोडं अजून होकायंत्रावरच क्लिक करतात.

दुभागलेल्या पानात आलेखावरून लॉगवर मारलेली उडी आजही चुकते, ती एकाच कारणाने. एका टीमने मेट्रिकवर ‘सर्व्हिस’ असं लेबल लावलेलं असतं, दुसरीने लॉगवर त्याच गोष्टीला ‘ॲप’ म्हटलेलं असतं. डावीकडचा आलेख आकाशाला टेकलेला आणि उजवीकडे लॉगच्या जागी रिकामं पान. २०१९मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस या दोन खुल्या प्रकल्पांचं मिळून ओपनटेलिमेट्री झालं, त्यात अशा नावांची सामाईक यादी ठरवायचं काम अजून चालू आहे. कुठल्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं यावरच्या चर्चा तिथे महिनोन्‌महिने रंगतात.