जेवताना पाणी प्यायल्याने पाचक रस पातळ होतात का?

जेवताना पाणी प्यायलं की जठरातलं आम्ल पातळ होतं आणि अन्न न पचता पडून राहतं, असा समज आहे. शंका वाजवी आहे, पण हिशेब जुळत नाही.

जठररसाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ धरा. त्यात तेवढंच पाणी मिसळलं तर तो जेमतेम २.३ होतो, एका अंकाने वाढायला दसपट पातळ व्हावं लागतं. प्रथिनं तोडणारं पेप्सिन साधारण १.५ ते ३ या टप्प्यात नीट चालतं. शिवाय पीएच चढला की जठर आणखी आम्ल सोडतं, आणि नुसतं पाणी घट्ट अन्नाच्या आधी पुढे सरकतं. बरंचसं पचन तर लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होतं. पेप्सिनसारखं एन्झाइम (पचन घडवणारं प्रथिन) अन्नाचे रेणू तोडतं तेच मुळी पाण्याचा रेणू वापरून!

घरी लाळेवर पडताळता येतं: लाळेतलं एन्झाइम कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च तोडतं, आणि आयोडीन न तुटलेल्या स्टार्चला निळंकाळं करतं. चिमूटभर कॉर्नफ्लोअर कपभर पाण्यात उकळून कोमट होऊ द्या. तीन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या. पहिलीत चमचाभर लाळ, दुसरीत अर्धा चमचा लाळ नि अर्धा चमचा पाणी, तिसरीत नुसतं पाणी. वीस मिनिटांनी प्रत्येकीत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. तिसरी निळीकाळी होईल. पहिल्या दोन पिवळसर-तपकिरी राहतील. दुसरीत निळसर झाक दिसली तर आणखी दहा मिनिटं थांबून नव्याने तपासा, पातळ लाळेला वेळ थोडा जास्त लागतो इतकंच. द्रावण कढत असताना लाळ घातली तर मात्र एन्झाइमच निकामी होतं आणि तिन्ही वाट्या निळ्या दिसतात.

एकदम खूप पाणी प्यायल्याने पोटाला तडस लागते, छातीत जळजळणाऱ्यांना त्रास वाढू शकतो. तो पोट ताणल्याचा परिणाम.