मेकॅनो व हॉर्नबी : जुन्या सुट्या भागांची ओळख

मेकॅनो म्हणजे धातूचे सुटे भाग जोडून यंत्रांच्या प्रतिकृती बनवण्याचे खेळणे. त्याच्या पट्ट्या, चाके, नट-बोल्ट आणि त्याच घराण्यातल्या हॉर्नबी या खेळण्यातल्या आगगाड्यांचे भाग वरवर सारखेच दिसतात. त्यांचा रंग, मुलामा आणि शिक्का मात्र काळानुसार बदलत गेला. या फरकांवरून एखादा भाग कधीचा, हे संग्राहक ठरवतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी या खेळण्याचे पेटंट १९०१ मध्ये घेतले. ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ चे.

नाशकात असा माल सापडला तर तो डब्यानेच सापडतो : गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, नाहीतर जुन्या वाड्याचा माळा रिकामा करताना. एकाच डब्यात हिरवी पट्टी, निळा पत्रा आणि निकेलचा मुलामा दिलेला तुकडा निघाला, की विकणाऱ्याने भेसळ केली असे वाटते. तसे असेलच असे नाही. कंपनीच पूरक संच विकत असे. एक क्रमांकाच्या संचाला ‘१-ए’ जोडला की दोन क्रमांकाचा संच तयार. थोरल्या भावाचे भाग धाकट्याच्या भागांत असेच मिसळले.

रंग ही पहिली खूण, पण सर्वांत लबाड. निकेलनंतर १९२६ मध्ये लाल-हिरवा आला, १९३४ मध्ये निळा-सोनेरी, दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा, १९६४ मध्ये पिवळा-काळा. मात्र रंग घरीही देता येतो. पट्टी तिरपी धरून शिक्का पाहावा : अक्षरांच्या खाचा रंगाने बुजल्या असतील तर हात नंतरचा.

पट्टीच्या भोकांतले अंतर पहिल्यापासून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, त्यावरून काळ कळत नाही. बोल्ट अधिक बोलका. जुना बोल्ट ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचा, इंचाला ३२ आटे. हार्डवेअरच्या दुकानातला एम-४ (४ मिमी मेट्रिक) नट त्यावर एक-दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. तिथेच थांबावे, पान्याने रेटले तर आटे मरतात. चाकाचा पितळी तुंबा, म्हणजे मधला दांड्यावर बसणारा भाग, हाही पाहावा : आधीच्या चाकांत स्क्रूला एकच भोक, नंतरच्यांत समोरासमोर दोन. भांडी बाजारातल्या तांब्याला चालते ती चिंच इथे नको. निकेलचा पातळ मुलामा घासून जातो आणि सोबत पुरावाही.

हॉर्नबी गाड्या १९२० पासूनच्या. सुरुवातीचे डबे नट-बोल्टने जोडलेले, म्हणजे उलगडता येणारे. पुढे पत्र्याचे कान दुमडून जोडणी होऊ लागली. युद्धापूर्वीची ओतीव जस्ताची चाके शिशाच्या अशुद्धीमुळे फुगतात, तडकतात. त्यावर इलाज नाही. डब्यावरची ‘एलएमएस’ (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे) ही अक्षरे दिसली तर डबा १९२३ पूर्वीचा नव्हे, कारण ती रेल्वे कंपनीच त्या वर्षी जन्मली.