आवळा खा, पण दारूवरचा उतारा म्हणून नको

गटारी जवळ आली की ठाण्यात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि सल्लेही सुरू होतात: आधी हळदीचं दूध घे, सकाळी आवळ्याचा रस घे, लिव्हरला काही होत नाही. या सल्ल्यात थोडं विज्ञान आहे, म्हणूनच मला तो जास्त धोक्याचा वाटतो.

दारूचा बहुतेक निचरा यकृत करतं. तिथे अल्कोहोलपासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनतं आणि मग त्याचं अ‍ॅसिटेट होतं. नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी-२ई-१ नावाचं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, वाढतं. अल्कोहोल फोडताना ते ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सोडतं आणि हे रेणू पेशींमधली मेदद्रव्यं, प्रथिनं, अगदी डीएनएसुद्धा पोखरतात. त्यांना आवरायला यकृताकडे स्वतःचं अँटिऑक्सिडंट असतं, ग्लुटाथिऑन. सततच्या पिण्याने त्याचाच साठा आटतो. नेहमी पिणाऱ्याने डोकं दुखतं म्हणून मनाने पॅरासिटामॉल घेत राहू नये, ते यासाठीच: त्या गोळीचा काही भाग हेच एन्झाइम विषात बदलतं आणि ते विष निकामी करायला पुरेसं ग्लुटाथिऑन उरलेलं नसतं.

मग हळद-आवळ्यातून अँटिऑक्सिडंट बाहेरून दिलं तर? उंदरांवरच्या प्रयोगांत हळदीतल्या कर्क्युमिनने यकृताचं नुकसान कमी झालेलं दिसलं आहे. पण तिथे शुद्ध कर्क्युमिन मोठ्या मात्रेत देतात. वाशीच्या मसाला बाजारातून चांगली हळद आणली, तरी तिच्यात कर्क्युमिन असतं साधारण ३ ते ५ टक्के आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. पिणाऱ्या माणसाचं यकृत अशा अर्कांनी वाचतं, हे सिद्ध झालेलं नाही.

अर्काच्या कॅप्सूलबाबत तर सावधच राहावं. हिरव्या चहाचा तीव्र अर्क आणि जास्त शोषली जाणारी हळदीची कॅप्सूल घेतल्यावर काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद, मोरावळा, आमसुलाचं सार खुशाल खावं. जेवण म्हणून ते उत्तमच आहे.

यकृतावर नुसती चरबी साठली असेल, तर दारू पूर्ण थांबवल्यावर ती बहुधा काही आठवड्यांत उतरू लागते. कोणत्याही अर्काने हे साधत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम स्वतःच्या मनाने सोडू नये. झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना गाठावं. डोळे पिवळे दिसले किंवा पोट फुगलं, तर त्याच दिवशी.