घर कॅरीत, शाळा कुठे? ‘इयर-राउंड’ची पार्श्वभूमी

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया सोडून नॉर्थ कॅरोलायनात रॉली-कॅरी परिसरात येणाऱ्या मराठी कुटुंबांचा घराचा हिशेब चटकन जुळतो. अडते ते शाळेपाशी. आमच्या गल्लीत राहायला आलेल्या एका कुटुंबाने बिल्डरच्या पत्रकावरचे शाळेचे नाव पाहून टाउनहोम घेतले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात क्लोजिंग होऊन घर ताब्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी आई मुलीला घेऊन नाव घालायला गेली. तिथे कळले की त्या शाळेला ‘कॅप’ लागलेली आहे, म्हणजे ठराविक तारखेनंतर त्या हद्दीत राहायला आलेल्यांना तिथे जागा नाही. जागा मिळाली ती काही मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत, ‘ट्रॅक दोन’वर. इथल्या ‘इयर-राउंड’ शाळांत मुलांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाच्या सुट्ट्या वेगळ्या असतात; त्या गटाला ट्रॅक म्हणतात. त्या ट्रॅकचे वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. मुलगी दुसरीत. घरी खोक्यांची टेप निघाली नव्हती, आणि तिचा अभ्यास मात्र बुडायला लागला होता.

हा गलथानपणा आहे असे नव्या माणसाला वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण कॅप, ट्रॅक, बेस स्कूल (घराच्या पत्त्यावरून ठरणारी शाळा) यांतली एकही गोष्ट सहज म्हणून आलेली नाही. प्रत्येकीमागे एक निर्णय आहे, आणि त्यांपैकी एका निर्णयावर इथली माणसे न्यायालयापर्यंत भांडली आहेत.

सुरुवात जंगलापासून करावी लागते. १९५० च्या दशकात हे राज्य तंबाखू, कापडगिरण्या आणि फर्निचर यांवर जगत होते आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या तळाशी होते. रॉली, डरहॅम आणि चॅपल हिल इथल्या तीन विद्यापीठांत शिकलेली मुले पदवी घेऊन उत्तरेला निघून जात. ती थांबावीत म्हणून १९५९ मध्ये तिन्ही विद्यापीठांच्या मधल्या पाइनच्या जंगलात आणि कस गेलेल्या शेतांवर संशोधन उद्यान उभे करायचे ठरले. तेच आपले आरटीपी, म्हणजे रिसर्च ट्रायँगल पार्क. आधी हा खासगी नफ्याचा धंदा म्हणून सुरू झाला होता. तो चालेना, तेव्हा राज्यातल्या बँकांनी आणि उद्योगांनी देणग्या देऊन तो ना-नफा संस्थेकडे सोपवला. तरीही पहिली काही वर्षे रडतखडतच गेली. १९६५ मध्ये संगणक बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने आणि आरोग्यविषयक एका केंद्रीय संस्थेने तिथे यायचे जाहीर केले, तेव्हा गाडी रुळावर आली.

उद्यानाच्या नियमांत एक बाब अशी होती की तिचा परिणाम आपण आजही भोगतो: उद्यानाच्या हद्दीत घरे बांधायची नाहीत. प्रयोगशाळा, कार्यालये, झाडी, एवढेच. हजारो माणसे कामाला आली, पण राहायला त्यांना बाजूच्या गावांतच जागा शोधावी लागली. जवळचे आणि मोकळे गाव कॅरी. १९६० च्या जनगणनेत कॅरीची वस्ती ३,३५६ होती. १९८० मध्ये २१,७६३, २००० मध्ये ९४,५३६ आणि २०२० मध्ये १,७४,७२१. उत्तरेकडची माणसे इतकी आली की जुन्या लोकांनी गावाच्या नावातल्या इंग्रजी अक्षरांवरून एक पूर्ण रूपच तयार केले. त्याचा अर्थ होतो, ‘उत्तरेतून आलेल्या यांकींना आवरून ठेवण्याची जागा’. बोलणाऱ्याच्या तोंडी ते हसूनच येते, पण त्यात नाराजीही आहे. आपण इथे आलो तेव्हा ‘बाहेरचे’ हा शब्द आधीच वापरात होता आणि तो आपल्यासाठी तयार झालेला नव्हता.

आपल्या लोकांचा मोठा ओघ १९९० च्या दशकाच्या अखेरचा, सॉफ्टवेअर आणि दूरसंचार कंपन्यांचा. २००१ च्या मंदीत दूरसंचारवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या, काही कुटुंबे परतली, तरी पट्टा भरतच राहिला. मॉरिसव्हिलमध्ये २००० साली ५,२०८ माणसे होती, वीस वर्षांनी २९,६३०. त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त आशियाई वंशाची. तिथल्या क्रिकेटच्या मैदानाची आणि कॅरीतल्या देवळाच्या २०२२ मध्ये उभ्या राहिलेल्या ८७ फुटी गोपुराची चर्चा सगळीकडे होते. शाळांची मात्र फक्त घर घेताना.

आता शाळांकडे. ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे सगळे येते त्या वेक काउंटीत १९७६ पर्यंत दोन शाळाव्यवस्था होत्या, एक रॉली शहराची आणि एक बाहेरच्या काउंटीची. वंशभेद मोडण्याचे आदेश आल्यावर गोरी कुटुंबे शहराबाहेर सरकू लागली, शहरातल्या शाळा ओस पडू लागल्या आणि बाहेर वर्ग तुडुंब. मतदारांचा कौल घेतला तेव्हा तो विलीनीकरणाच्या स्पष्ट विरोधात गेला होता. तरीही दोन्ही व्यवस्था एक झाल्या. शहराचा गाभा पोखरला गेला तर सगळ्या परिसराचे नुकसान होईल, हे धंदेवाल्यांनाही कळले होते. माझ्या मते इथल्या भरभराटीत आरटीपीइतकाच वाटा या निर्णयाचा आहे, पण त्याची पाटी कुठे लागलेली नाही. इथे घर बदलले तरी शाळाव्यवस्था बदलत नाही आणि कॅरीच्या घराचा कर आग्नेय रॉलीच्या मुलाच्या कामी येतो, तो या निर्णयामुळे. आग्नेय रॉलीतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत १९८० च्या दशकात मॅग्नेट शाळा, म्हणजे खास विषय ठेवून दूरची मुले ओढणाऱ्या शाळा, काढल्या, त्याही त्याच धोरणातून.

पुढे वंश पाहून मुले वाटण्यावर न्यायालयांनी आक्षेप घ्यायला सुरुवात केली. तेव्हा २००० मध्ये इथल्या शिक्षण मंडळाने दुसरे माप घेतले, घरच्या गरिबीचे. कोणत्याही शाळेत मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणारी मुले ४० टक्क्यांहून जास्त नसावीत. हे टिकवायचे तर हद्दी सतत हलवाव्या लागत, आणि वस्ती धावत असल्याने त्या तशाही हलतच होत्या. काउंटीत २००० साली ६,२७,८४६ माणसे होती, दहा वर्षांनी नऊ लाखांच्या वर. रिकाम्या जागेत घरे आधी उभी राहत, शाळा मागून. मधल्या काळात मुले शाळेच्या आवारातल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वर्गखोल्यांत, बसत.

इथे ‘इयर-राउंड’ येते, आणि या शब्दानेच निम्मा घोळ घातला आहे. शब्द ऐकून वाटते की मूल वर्षभर शाळेत. तसे नाही. शिकवण्याचे दिवस तेवढेच. फक्त उन्हाळ्याची एक लांब सुट्टी मोडून तिचे तुकडे वर्षभर पसरलेले असतात, साधारण नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी. त्या सुट्टीला इथे ‘ट्रॅक-आउट’ म्हणतात. खरी मेख मात्र ट्रॅकमध्ये आहे. शाळेतल्या मुलांचे चार गट पाडायचे आणि कोणत्याही वेळी तीन गट शाळेत, एक घरी, असे चक्र फिरवायचे. इमारत एकही दिवस रिकामी राहत नाही आणि हजार मुलांच्या जागेत कागदावर तेराशेच्या वर मुले मावतात. शिक्षक पेटीत वर्गाचे सामान भरून चाकांच्या गाडीवर ठेवतात, कारण तीन आठवड्यांनी परत येतील तेव्हा त्यांची खोली दुसऱ्याच्या ताब्यात असते. वर्षभर शाळा चालते ती इमारतीची. मुलाची नव्हे.

१९९० च्या आसपास हे सुरू झाले तेव्हा ते ऐच्छिक होते आणि पालक रांगा लावत. आपल्यातल्या अनेकांनाही ते सोयीचे होते. ज्या ट्रॅकची सुट्टी नाताळाला जोडून येते त्याच्या मुलांना महिनाभराच्या आसपास सलग मिळतो. तेव्हा पुण्या-नाशकाला हवा छान, आणि आजी-आजोबांकडे उन्हाळ्याऐवजी थंडीत जाता येते. आमच्या ओळखीच्या एका आजी फोनवर ‘ट्रॅक कोणता लागला’ असे विचारतात. दादरच्या घरात हा शब्द रुळला आहे.

भांडण लागले ते सक्तीवर. नोव्हेंबर २००६ मध्ये शाळांच्या बांधकामासाठी ९७ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी मंजुरी दिली. ती रक्कम पुरावी म्हणून पुढच्या वर्षी २२ शाळांचे कॅलेंडर पारंपरिकवरून इयर-राउंड करायचे ठरले. पालकांनी दावा लावला. आमच्या संमतीशिवाय मुलांना या कॅलेंडरवर टाकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये ते मान्य केले, आणि त्या उन्हाळ्यात संमतीपत्रे घरोघरी गेली. कोणी होकार दिला, कोणी नकार, आणि एकाच गल्लीतली मुले दोन शाळांत विभागली गेली. २००८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने शेवटचा शब्द दिला: संमती लागत नाही.

दोन्ही बाजूंनी जिवाभावाचे बोलले जात होते. एका घरातली दोन मुले वेगवेगळ्या कॅलेंडरवर पडली तर आईवडिलांना एकत्र सुट्टीच मिळत नाही. धाकटा तीन आठवडे घरी, थोरली शाळेत, आणि दोघांच्याही सुट्टीतल्या कॅम्पचे पैसे वेगळे. हे दुखणे खरे होते. पण दुसरी बाजू मला जास्त पटते. इमारती बांधायला वेळ लागतो आणि मुले आजच दारात उभी असतात. सक्ती केली नसती तर ट्रेलर वाढले असते किंवा कर.

या रागाचे पडसाद ऑक्टोबर २००९ च्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत उमटले. मतदान थोडेच झाले, पण उपनगरांतल्या जागा फिरल्या. सक्तीचे कॅलेंडर आणि दरवर्षी हलणाऱ्या हद्दी यांना वैतागलेल्यांना ‘घराजवळची शाळा’ हा शब्द मिळाला होता. मार्च २०१० मध्ये नव्या मंडळाने ५ विरुद्ध ४ मतांनी जुने ४० टक्क्यांच्या संतुलनाचे धोरण काढून टाकायचे ठरवले. सभांमध्ये निदर्शने झाली, लोकांना अटक झाली, राष्ट्रीय वृत्तपत्रांत काउंटीचे नाव आले. २०११ मध्ये मतदारांनी मंडळ पुन्हा पालटले, पण ४० टक्क्यांचे माप जसेच्या तसे परत आले नाही. ज्या वस्त्यांतून हा विरोध निघाला त्यांतली पुष्कळ घरे दहा-पंधरा वर्षांत आलेल्यांची होती. १९७६ मध्ये काय झाले आणि का झाले, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्यापैकी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना तर मतही नव्हते. मालमत्ता कर भरायचा, मूल ट्रॅकवर घालायचे आणि निकाल वर्तमानपत्रात वाचायचा.

त्यानंतरचे थोडक्यात. वाढ जिथे मंदावली तिथल्या काही शाळा पारंपरिक कॅलेंडरवर परतल्या. लोंढा नैऋत्येला एपेक्स, हॉली स्प्रिंग्ज आणि फुक्वे-व्हरिनाकडे सरकला. २०२० च्या जनगणनेत वेक काउंटी ११,२९,४१० वर पोचली आणि शार्लटच्या काउंटीला मागे टाकून राज्यात पहिली आली. कोविडच्या साथीत घरून काम करणारे आले, घरांच्या किमती चढल्या. २०२१ मध्ये एका फोन कंपनीने आरटीपीत ३,००० नोकऱ्या आणण्याचे जाहीर केले, ते काम पुढे लांबणीवर पडले. घरे मात्र त्या बातमीच्या आधीपासूनच विकली जात होती.

कॅप त्याच घाईतून आली. शाळा भरली की तिची यादी बंद होते आणि नंतर आलेल्याला ‘ओव्हरफ्लो’ शाळा मिळते. पुढच्या वर्षीच्या हद्दींचा आराखडा मंडळ दरवर्षी नव्याने मंजूर करते. म्हणून इथे मुरलेली माणसे घर पाहायला जाताना बिल्डरचे पत्रक बाजूला ठेवतात, शाळाव्यवस्थेच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता घालतात आणि दोन गोष्टी बघतात: यंदाची शाळा कोणती, आणि पुढच्या वर्षीची कोणती. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीला पुढच्या वर्षी जवळच्या शाळेत जागा मिळाली, ट्रॅक चारवर. तिची आई आता नव्याने येणाऱ्यांना पत्ता कुठे घालायचा ते दाखवते.