परळीच्या राखेचे ऋतू : पार्श्वभूमी

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. तरीही खाणपट्ट्यातील गावांना जी हवा सोसावी लागते, तिचा बराच वाटा बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथच्या पदरी पडला आहे. ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र आणि रेल्वेचे जंक्शन असलेल्या या गावात १९७१ साली औष्णिक वीज केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, पुढच्याच वर्षी तेवढ्याच क्षमतेचा दुसरा आला आणि १९८०, १९८५ व १९८७ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने येतो आणि वीज तारांवाटे राज्यभर जाते. परळीत उरते ती राख.

ही राख थोडीथोडकी नसते, कारण भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर साठ लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कोळसा धरला, तर दिवसाला चार हजार टनांहून अधिक कोळसा जळतो आणि त्यातून ढोबळमानाने दीड हजार टन राख निघते. तिच्यातील सुमारे चार-पंचमांश राख इतकी बारीक असते की ती धुराबरोबरच वर जाते आणि तिला विद्युत प्रभाराच्या साहाय्याने वाटेत पकडावे लागते.

सुरुवातीच्या काळात चिंता चिमणीचीच होती, आणि ती रास्त होती. जुन्या नियमांनुसार २१० मेगावॉटपेक्षा लहान संचांना एका घनमीटर वायूत ३५० मिलिग्रॅमपर्यंत, तर २१० किंवा त्याहून मोठ्यांना १५० मिलिग्रॅमपर्यंत धूलिकण सोडण्याची मुभा होती. डिसेंबर २०१५ मधील अधिसूचनेने २००४ ते २०१६ या काळात बसवलेल्या संचांसाठी ही मर्यादा ५० वर आणली. परळीत २००७, २०१० आणि २०१६ मध्ये सुरू झालेले २५० मेगावॉटचे तीन संच याच गटात मोडतात. जुने संच आता वापरात नाहीत.

मात्र चिमणीत अडवलेली राख नाहीशी होत नाही, ती जमिनीवर येते. पाण्यात कालवून ती तळ्यात सोडण्याची पद्धत आहे, आणि तळे ओले असेपर्यंत ती फारशी उडत नाही. परळीची अडचण इथेच आहे, कारण पाण्याची टंचाई या भागाला नवी नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले होते. चिमणी थंडावली म्हणून अशा वर्षी हवा निवळली असे मानणे घाईचे ठरेल. कोरडे पडलेले तळे वाऱ्याला मोकळेच असते.

दुसरा बदल कायद्याने घडवला. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या परिसरातील वीट उत्पादकांना राख वापरणे बंधनकारक केले. पुढे ही कक्षा १०० आणि नंतर ३०० किलोमीटरपर्यंत वाढली. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर तळ्यांत साचलेली जुनी राखही ठरावीक मुदतीत उचलण्यास सांगितले. हेतू योग्यच होता, कारण राखेच्या विटांमुळे शेतातली माती वाचते. पण त्यातून वीटभट्ट्या, राखेचे ढिगारे आणि हायवा-टिप्परची वाहतूक असा मोठा व्यवहार उभा राहिला, आणि ताडपत्री नीट न बांधलेला एक हायवाही रस्त्याकडेच्या घरांना पुरेसा असतो. माझ्या मते परळीच्या हवेचा खरा बदल हाच आहे : उंचावरून दूरवर पांगणारी राख आता माणसाच्या नाकाच्या उंचीवर फिरते.

त्यामुळे ऋतूंचे गणितही बदलले. वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत चालतो. त्याच सुमारास उसाचे पाचट जाळले जाते. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि जमिनीजवळचा धूर व धूळ सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाही. एप्रिल-मेमध्ये हवा वर उसळते, तेव्हा कोंडी सुटते, पण वावटळी आणि जोराचा पश्चिमेकडचा वारा तळ्यातली आणि रस्त्यावरची राख उचलतात. लोकांच्या तक्रारी उन्हाळ्यात वाढतात, कारण ती राख डोळ्यांना दिसते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. फुप्फुसात खोलवर जाणारे अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण मात्र हिवाळ्यातल्या पहाटे अधिक साचतात, आणि ते सहसा दिसत नाहीत.

जून ते सप्टेंबरच्या पावसात हे सारे बसते. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ६०, तर चोवीस तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम आहे. वार्षिक सरासरीत पावसाळ्याचे स्वच्छ महिने मिसळले की हिवाळ्यातले आकडे झाकले जातात, म्हणून परळीसारख्या गावाची हवा चोवीस तासांच्या आकड्यांवरून आणि ऋतुवार पाहायला हवी. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना आणि लातूर ही शहरे त्यात घेतली गेली. परळी त्या यादीत नव्हती.