बुद्ध्यांकाची पट्टी आणि घरातली महिनाअखेर

चौथीला असताना माझा शिष्यवृत्तीचा अभ्यास रात्री जेवणं झाली की ओट्याशेजारी बसून चालायचा, आई भांडी आवरता आवरता विचारायची, सांग बघू, गटात न बसणारा शब्द कोणता, आणि त्याच खोलीत पलीकडे बाबा वहीत किराणा, दूध, सोसायटीचा हप्ता असं मांडत बसलेले असायचे. त्यांची कंपनी बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा माझा अभ्यास आणि घरातला पैसा हे दोन वेगळे विषय वाटायचे, आता वाटत नाहीत, म्हणून शिष्यवृत्तीच्या पेपरात असते ती बुद्धिमत्ता चाचणी मुळात आली कुठून ते सांगतो.

फ्रान्समध्ये १८८२ ला शिक्षण सक्तीचं झालं आणि ज्या घरांतून आधी कुणी शाळेत जात नव्हतं तिथली पोरंही वर्गात आली, त्यातली काही मागे पडायला लागली. अशा मुलांना ओळखायचं कसं आणि वेगळं शिकवायचं कसं यासाठी सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली, आणि त्यातून मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉं यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची पट्टी, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारी चाचणी, बनवली. पहिली पायरी म्हणजे पेटलेली काडी मुलाच्या डोळ्यांपुढून फिरवायची आणि नजर तिच्यामागे जाते का ते बघायचं. पुढे चॉकलेट कुठलं आणि लाकडाचा तुकडा कुठला हे कळतं का, मग आकडे ऐकून परत म्हणायचे, असं अवघड होत जायचं. सगळा खटाटोप मुलाला मदत मिळावी म्हणून होता. बुद्धी ही जन्मभर तेवढीच राहणारी गोष्ट आहे असं बिने मानतच नव्हते.

आणि पैशाचा संबंध तर लगेचच दिसला होता. ब्रुसेल्सच्या एका खाजगी शाळेतल्या, खात्यापित्या घरच्या मुलांना हीच पट्टी लावली तर ती पॅरिसच्या साध्या वस्तीतल्या मुलांपेक्षा साधारण दीड वर्ष पुढे निघाली, आणि बिने यांनी १९११ मध्ये, म्हणजे गेले त्याच वर्षी, घरच्या परिस्थितीचा हा फरक मांडला. माझ्या मते ही चाचणी तिथेच थोडी थांबायला हवी होती.

थांबली नाही. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मूल साधारण किती वर्षांच्या मुलाएवढं सोडवतं त्या आकड्याला, खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली, १९१६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी त्याला १०० ने गुणून बुद्ध्यांक घरोघरी पोचवला, आणि पहिल्या महायुद्धात तिथल्या १७ लाखांवर सैनिकांना एकदम गठ्ठ्याने पेपर दिले गेले. त्यावरून तिथलेच मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये कुठल्या वंशाचे लोक किती हुशार ते लिहून टाकलं. १९३० मध्ये त्यांनीच ते चूक होतं हे कबूल केलं, पण तोवर बुद्धी रक्तातच असते हा समज पक्का बसला होता.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या मुलांवर काम करून बिनेची पट्टी मराठी आणि कानडीत आणली, त्यांचं पुस्तक १९४० चं. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. म्हणजे मूळ हेतू तिथे शिल्लक आहे, मुलाला काय अडतंय ते शोधायचं.

शाळेत मात्र आपल्याला ती भेटली ती शिष्यवृत्तीच्या पेपरातून. आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, वेन आकृती, हे प्रश्न सरावाने येतात हे प्रत्येक आईला माहीत असतं, म्हणून तर क्लास आणि गाईड, आणि क्लासची फी परवडणारं घर पुढे. पगारदार घराकडे शेती नाही, दुकान नाही, मुलाला देण्यासारखं काय तर मार्क. त्यात १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, २०२३ च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले ते उगाच नाही, म्हातारपणाची काळजी आता नोकरीच्या पहिल्या दिवसापासून घरात असते.

आणि ही काळजी थेट चाचणीत उतरते असं २०१३ च्या एका संशोधनात दिसलं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना आकृत्यांचे कोडे सोडवायला दिले, एकदा तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि एकदा ऊसाचे पैसे हातात आल्यावर. माणूस तोच, पण पैसे येण्याआधी त्याला कमी जमलं. दुसऱ्या वेळी सराव झालेला असतो असा आक्षेपही लोकांनी घेतला, तो तपासायलाच हवा, पण ज्याने घरात हप्ता थकलेला बघितलाय त्याला हा निकाल ऐकून नवल वाटणार नाही.

माझी परीक्षा फेब्रुवारीत झाली. बाबांचा जानेवारीचा पगार तोवर झालेला नव्हता, आणि पेपरात शेवटच्या आकृत्यांपाशी माझ्या डोक्यात ती वही होती, मी त्यातले सात प्रश्न कोरे सोडून आलो.