लालिबेलाची अकरा चर्च आणि ‘चोवीस वर्षांत कोरली’ची गोष्ट

इथिओपियातल्या लालिबेलाचे ड्रोनने काढलेले फोटो अधूनमधून फिरत असतात. लालसर खडकात चौकोनी खड्डा, त्यात वरून क्रॉससारखं दिसणारं चर्च आणि खाली ठरलेलं कॅप्शन, की बाराव्या शतकात लालिबेला राजाने देवदूतांच्या मदतीने अकरा चर्च चोवीस वर्षांत कोरून घेतली. देवदूतांचं सोडून देऊ, पण उरलेलं तरी कितपत टिकतं हे बघायला गेलं की बरंच मागे जावं लागतं.

इथिओपियात ख्रिश्चन धर्म युरोपियन मिशनऱ्यांनी नेला असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, आणि आपल्याला इतिहासात भेटलेले हबशी म्हणजे मलिक अंबर नाहीतर जंजिऱ्याचे सिद्दी, म्हणजे मुसलमान, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. खरं तर अक्सूम या उत्तर इथिओपियातल्या जुन्या राज्याच्या एझाना राजाने चौथ्या शतकातच हा धर्म स्वीकारला होता, तेव्हा अर्धा युरोप अजून ख्रिश्चन व्हायचा होता. पुढे तांबड्या समुद्रातला व्यापार हातातून गेला, अक्सूम उतरणीला लागलं आणि सत्ता हळूहळू दक्षिणेला डोंगरात सरकली. लास्ता भागात झाग्वे घराणं आलं. त्यांचं मुख्य ठिकाण रोहा, साधारण २,५०० मीटर उंचीवर, आणि याच रोहाला नंतर राजाच्या नावावरून लालिबेला म्हणायला लागले. राजाचा काळ बाराव्या शतकाचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात.

खडक कोरायची पद्धत मराठी माणसाला फार समजावून सांगावी लागत नाही कारण वेरूळचं कैलास लेणं तसंच वरून खाली उतरत गेलंय. आधी चारी बाजूंनी खोल चर खणायचा, मधे एक अखंड ठोकळा उभा ठेवायचा, मग त्याला बाहेरून आकार देत देत आत शिरायचं आणि छत आधी, खांब नंतर, फरशी सगळ्यात शेवटी. काढलेला दगड परत लावता येत नाही, त्यामुळे खांब कुठे ठेवायचे हे आधीच डोक्यात पक्कं हवं. खडक ज्वालामुखीचाच पण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळापेक्षा मऊ, सच्छिद्र, लालसर. सगळ्यात मोठं बेते मेधाने आलेम (‘बेते’ म्हणजे घर, इथे चर्च) जवळपास ३३ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद आहे, आणि फोटोतलं ते क्रॉसच्या आकाराचं बेते गियोर्गिस एकटंच आहे, बाकीची चर्च दोन समूहांत आहेत. (वेरूळच्या कारागिरांनी तिकडे जाऊन शिकवलं वगैरे पोस्टही बघितल्यात, त्याला काडीचाही पुरावा नाही. मधे चारेक शतकं आणि अख्खा समुद्र आहे.)

मला स्वतःला यात सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे हे कोरीवकाम बांधकामाची नक्कल करतं. अक्सूमच्या जुन्या इमारतींत दगड आणि लाकडाचे आडवे थर एकावर एक असायचे आणि तुळयांची टोकं भिंतीबाहेर डोकावायची, त्यांना ‘माकडाची डोकी’ म्हणतात. लालिबेलाच्या बेते अमानुएलच्या भिंतीवर तेच पुढे-मागे थर खडकात कोरलेत, लाकूड कुठेही नसताना. खिडक्यांच्या चौकटींना कोपऱ्यात तशीच टोकं काढलीत. जवळच्या डोंगरात येम्रेहाना क्रिस्तोस नावाचं चर्च आहे, ते एका मोठ्या गुहेच्या आत खरोखर लाकूड-दगडाचे थर रचून बांधलंय. ते बघितलं की कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर काय होतं ते कळतं. शिवाय उत्तरेला तिग्राईमधे खडकात कोरलेली शंभराहून जास्त चर्च आहेत. म्हणजे लालिबेला हे अचानक आभाळातून पडलेलं प्रकरण नाहीच, कोरायची सवय त्या भागात होतीच.

आता चोवीस वर्षांकडे येऊ. हा आकडा फ्रान्सिस्को आल्वारेस या पोर्तुगीज पाद्रीच्या पुस्तकात सापडतो आणि त्याचा धागा गोव्यातून जातो. इथिओपियाच्या राणी एलेनीने पाठवलेला वकील मॅथ्यू १५१२ मधे गोव्याला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कपर्यंत पोचला, पुढे लिस्बनला गेला, आणि त्याच्या उत्तरादाखल जे पोर्तुगीज शिष्टमंडळ निघालं ते १५२० मधे गोव्याहून निघालेल्या आरमाराबरोबर तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरलं. आल्वारेस त्यात होता. त्याने लालिबेलाची चर्च बघितली, वर्णन लिहिलं आणि लिहिता लिहिता वैतागून म्हणाला की अजून लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुस्तक १५४० मधे छापलं गेलं. त्यातच त्याने ऐकीव म्हणून नोंदवलं की काम चोवीस वर्षांत झालं आणि ते गोऱ्या लोकांनी केलं. नंतरच्या युरोपियन लोकांना हे दुसरं वाक्य फारच सोयीचं पडलं, आजही टेम्पलर सरदारांनी, म्हणजे युरोपातल्या धर्मयुद्धांतल्या लढवय्यांनी, चर्च बांधली असं ठोकून देणारे आहेत.

देवदूतांची गोष्ट राजाच्या संतचरित्रातली, आणि ते पंधराव्या शतकातलं, म्हणजे राजा जाऊन दोनेकशे वर्षं झाल्यावरचं. मधे १२७० मधे झाग्वे घराणं उलथवून येकुनो अम्लाक आला, त्याच्या वंशाने आपलं नातं थेट राजा सॉलोमनशी जोडलं आणि झाग्वेंना गादी बळकावणारे ठरवलं. गंमत म्हणजे तरीही लालिबेला संत झालाच.

दगड मात्र वेगळंच सांगतो. ब्रिटिश पुरातत्वज्ञ डेव्हिड फिलिप्सन यांच्या मते बेते मर्कोरिओस आणि बेते गाब्रिएल-रुफाएल यांची सुरुवात सातव्या-आठव्या शतकापर्यंत मागे जाऊ शकते आणि ती मुळात चर्च नसावीतच, बहुतेक संरक्षणासाठी कोरलेल्या जागा. एका फ्रेंच टीमने २०१० मधे चर, अंगणं आणि दारांच्या पातळ्या तपासून कोरण्याचा क्रम मांडला. अंगण नंतर खोल करत नेलं की जुनं दार वरच लटकत राहतं, तशा खुणांवरून आधी काय आणि नंतर काय ते ठरवता येतं. या सगळ्यातून दिसतं ते असं की इथे अनेक टप्प्यांत, पिढ्यान्‌पिढ्या काम झालं, राजाने त्यातलं काही नव्याने कोरलं असेल, काही जुनं चर्चमधे बदललं असेल, आणि श्रेय सगळं त्याच्या खात्यात गेलं. सलादिन या मुसलमान सुलतानाने ११८७ मधे ख्रिश्चनांकडून जेरुसलेम घेतलं म्हणून इथे नवं जेरुसलेम केलं ही थिअरीसुद्धा इतकी सरळ नाही. गोल्गोथा, बेथलेहेम, योर्दानोस (जॉर्डन) ओढा अशी बायबलमधल्या जागांची नावं इथे आहेत खरी, पण इथिओपियन यात्रेकरू त्यानंतरही जेरुसलेमला जातच होते.

ही जागा म्युझियम नाही, रोज पूजा चालते, ७ जानेवारीच्या गेन्ना म्हणजे ख्रिसमसला पांढरी वस्त्रं पांघरलेल्या यात्रेकरूंनी खड्ड्यांचे काठ भरून जातात. १९७८ च्या युनेस्कोच्या पहिल्याच यादीत लालिबेला होतं. खरा त्रास पाण्याचा आहे, मऊ खडकाला भेगा पडतात आणि पाऊस आत मुरतो. २००८ मधे युरोपियन युनियनच्या पैशातून पाच चर्चवर मोठी छपरं उभारली, ती तात्पुरती असणार होती. स्थानिक लोकांना भीती की वाऱ्याने लोखंडी खांब हलले तर तेच चर्चवर कोसळतील, त्यावरून मोर्चेही निघाले. २०१९ मधे फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन तिथे जाऊन मदतीचं आश्वासन देऊन आले, आणि २०२१ मधे सरकार आणि तिग्राईच्या बंडखोरांमधलं युद्ध थेट गावात पोचलं, ऑगस्टमधे बंडखोरांनी ताबा घेतला आणि तो डिसेंबरपर्यंत हातोहात बदलत राहिला.